वायरमनला बोलावण्यापूर्वी : घरातील व गोठ्यातील वीजबिघाडाची प्राथमिक तपासणी



संध्याकाळी धारा काढण्याच्या वेळेस घरातील दिवे गेले की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर घरातील कोणीतरी पकड व तारेचा तुकडा घेऊन बोर्डाकडे धावतो, नाही तर वायरमनला निरोप जातो आणि तो येईपर्यंत घर अंधारात बसते. वायरमन दुसऱ्या दिवशी दुपारी येतो, खाली पडलेला एमसीबी वर करतो, येण्याजाण्याचे पैसे घेतो व निघून जातो. पहिल्या प्रकारात जिवाला धोका आहे, दुसऱ्यात वेळ व पैसा वाया जातो.

या दोहोंमध्ये एक मार्ग आहे. बिघाड नेमका कोठे आहे, हे हात न घालता शोधून काढणे. दुरुस्ती कोणी करावयाची हे त्यानंतर ठरवावे.

मी कृषिविद्या शिकवतो, वीज अभियंता नाही. तथापि प्रशिक्षण वर्गात पिकाचे प्रश्न संपले की चहाच्या वेळी विजेचे प्रश्न हमखास निघतात, आणि माझ्या स्वतःच्या घरी झालेल्या एका चुकीची किंमतही मी मोजली आहे. ती हकीकत पुढे येईलच. विहिरीवरील तीन फेजच्या मोटारीचा विषय मोठा व वेगळा असल्याने तो येथे घेतलेला नाही.

शेत पिवळे पडल्यावर आपण काय पाहतो?

पीक पिवळे दिसले म्हणून जाणकार शेतकरी लगेच युरियाचे पोते फोडत नाही. सगळे शेत पिवळे आहे, की पाणी साचणारा सखल पट्टा, की अधूनमधून एखादे झाड, हे तो प्रथम पाहतो. नंतर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याकडील नव्या पानांवर, हे पाहतो. कारण नत्राची कमतरता जुन्या पानांवर आधी दिसते, तर लोहाची नव्या पानांवर. म्हणजे आधी पसारा, मग जागा, मग कारण.

विजेच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा. वीज गेली ती साऱ्या गावाची, आपल्या एकट्या घराची, घरातील एका भागाची, की एकाच दिव्याची वा पंख्याची? एवढ्या एका प्रश्नाने निम्मे काम होते.

हात कोठपर्यंत घालावा?

कायद्याने याची मर्यादा फार पूर्वीच घालून दिली आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमानुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच व घरगुती उपकरणे मूळ क्षमतेत फरक न करता बदलता येत होती. त्यापलीकडचे वायरिंगचे काम, जोडणी वा दुरुस्ती परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेणे बंधनकारक होते. पुढे २०१० मध्ये नवीन विनियम आले, त्यांतही ही मर्यादा कायम राहिली. मीटर, मीटरचे सील, खांबावरून घरात येणारी तार व डीपी यांना आपण कधीही हात लावू नये.

तपासणीपूर्वी पायांत कोरडी रबरी चप्पल असावी, हात कोरडे असावेत व हाताशी बॅटरी असावी. घरात इन्व्हर्टर असेल तर एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टर घरातील काही तारांत वीज सोडतच असतो. म्हणून मेन स्विचबरोबर इन्व्हर्टरही बंद करावा. ही गोष्ट अनेकदा वायरमनही विसरतात.

टेस्टर फसवतो

प्रत्येक घरात टेस्टर असतो व त्यावर आपला विश्वासही फार असतो. टेस्टरमधील लहान दिवा पेटण्यासाठी अगदी सूक्ष्म प्रवाह आपल्या शरीरातून जमिनीत जावा लागतो. आपण कोरड्या लाकडी स्टुलावर जाड रबरी चप्पल घालून उभे असलो, तर तो इतका मंद पेटतो की उन्हात दिसतही नाही. त्यामुळे टेस्टर पेटला तर वीज आहे हे खरे. परंतु तो पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे धरून चालू नये. वापरण्यापूर्वी चालू असलेल्या दुसऱ्या ठिकाणी तो पेटतो का, हे पाहून घ्यावे. तपासताना बोट टेस्टरच्या टोपीवर असावे व पात्याला स्पर्श होऊ देऊ नये.

दुसरी फसगत अशी. प्लगच्या डाव्या-उजव्या दोन छिद्रांपैकी फक्त एकात टेस्टर पेटावयास हवा. दोन्हींत पेटत असेल आणि उपकरण मात्र चालत नसेल, तर "वीज दुप्पट आली" असे नव्हे. न्यूट्रलची तार कोठेतरी तुटली किंवा सुटली आहे, हा त्याचा अर्थ. अशा वेळी दिवे बंद असूनही तारांत वीज खेळत असते, म्हणून ही स्थिती अधिक धोक्याची.

जुन्या घरांत मेन स्विचवर फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांना फ्यूज बसविलेले आढळतात. न्यूट्रलचा फ्यूज जळाला की हीच स्थिती सबंध घरात निर्माण होते. न्यूट्रलला फ्यूज नसावा. तेथे अखंड जोड असावा. आपल्या घरी तसा फ्यूज असल्यास वायरमनकडून तो काढून घ्यावा.

बाहेरचा बिघाड की घरातला?

शेजारी वीज आहे का, हे पाहणे हे पहिले काम. साऱ्या गल्लीची वीज गेली असेल तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. फक्त आपलीच गेली असेल तर मीटरकडे पाहावे. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर आकडे दिसत नसतील, तर वीज मीटरपर्यंत आलेलीच नाही व तक्रार महावितरणकडेच करावयाची आहे. आकडे दिसत असतील, तर बहुधा बिघाड मीटरच्या अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूस आहे. वादळानंतर खांबावरील तार लोंबत किंवा जमिनीवर पडलेली असल्यास ती मृत समजून जवळ जाऊ नये व जनावरांनाही त्या बाजूस सोडू नये.

याच ठिकाणी एका लक्षणाची माहिती प्रत्येक घरात असावी. काही दिवे नेहमीपेक्षा फार प्रखर झाले, पंखा वेगाने फिरू लागला, किंवा शेजारी दिवे मंद झाले असताना आपले प्रखर झाले, तर कोणतीही तपासणी न करता मेन स्विच ताबडतोब बंद करावा. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटल्यावर असे होते. घरात एरवी २३० व्होल्ट वीज येते. न्यूट्रल तुटला तर वेगवेगळ्या फेजवरील घरे एकमेकांशी जोडल्यासारखी होतात, आणि कमी भार असलेल्या घराकडे दोन फेजमधील ४०० व्होल्टच्या आसपासचा दाब जाऊ शकतो. दूरदर्शन संच, फ्रीज व एलईडी दिवे काही मिनिटांत जळतात.

फ्यूज किंवा एमसीबी वारंवार जात असल्यास

घराचा एखादाच भाग बंद असेल तर वितरण पेटीतील फ्यूज वा एमसीबी पाहावा. एमसीबीची कळ पडल्यावर कधी कधी मध्येच राहते व वरवर पाहता चालूच वाटते. ती आधी पूर्ण खाली ओढून मगच वर करावी.

वर करताक्षणीच तो पडला तर त्या भागात शॉर्ट आहे. वर केल्यावर दहा-वीस मिनिटे टिकून मग पडत असेल तर भार जास्त आहे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण पहिल्यास वायरमन लागतो व दुसऱ्यास फक्त हिशेब. उपकरणावरील वॅटच्या आकड्याला २३० ने भागले की अँपिअर मिळतात. दोन हजार वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, तेवढ्याच वॅटची विजेची शेगडी पुन्हा ८.७, आणि हजार वॅटची इस्त्री ४.३. ही तिन्ही एकाच १६ अँपिअरच्या लाइनवर सकाळी एकदम चालली तर बेरीज पावणेबावीसच्या आसपास जाते. अशा वेळी एमसीबी आपले काम चोख करीत असतो. तो काढून ३२ चा बसविला तर एमसीबी पडावयाचा थांबेल, परंतु भिंतीतील तार तापत राहील. एमसीबी तारेच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तार जाड केल्याशिवाय मोठा एमसीबी बसवू नये.

शॉर्ट असल्यास त्या भागातील सर्व प्लग उपसून एमसीबी एकदाच वर करून पाहावा. टिकला तर दोष एखाद्या उपकरणात आहे. टिकला नाही तर पुनःपुन्हा वर करीत बसू नये.

जुन्या पद्धतीचा किटकॅट फ्यूज असेल तर मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करूनच तो ओढावा. कल्हई केलेली ०.२० मिलिमीटर जाडीची तांब्याची तार ५ अँपिअरला व ०.५० मिलिमीटरची १५ अँपिअरला पुरते. दिव्यांच्या लाइनला ५ ची व पॉवर प्लगला १५ ची तार घालावी. दुकानात फ्यूज तार म्हणून मागितली की ती मिळते. केबलमधील तारांचे दोन-तीन पदर पिळून घालण्याची पद्धत सर्वत्र आहे. असा फ्यूज वर्षानुवर्षे जळत नाही याचे घरोघरी कौतुकही होते. तो जळत नाही, कारण तो फ्यूज राहिलेलाच नसतो.

आरसीसीबी पडतो तेव्हा

या भागाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. वितरण पेटीत टी अक्षराचे लहान बटण असलेला एक रुंद स्विच असतो, तो आरसीसीबी. फेजमधून जेवढी वीज गेली तेवढीच न्यूट्रलमधून परत आली का, याचा तो सतत ताळा घेतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. तेवढी वीज कोठे जमिनीत, भिंतीत किंवा माणसाच्या अंगातून गळू लागली की तो सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. साठ वॅटचा साधा दिवा सुमारे २६० मिलिअँपिअर घेतो. यावरून ३० म्हणजे किती कमी, हे ध्यानात येईल. एमसीबीला एवढी गळती कळतसुद्धा नाही. माणूस मरण पावला तरी एमसीबी जागचा हलत नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्या गावाकडील घरी आरसीसीबी दिवसातून चार-पाच वेळा पडू लागला. वडील कंटाळले. वायरमनने सांगितले की तो खराब झाला आहे, काढून तारा सरळ जोडून देतो. वडिलांनी मला फोनवर विचारले, आणि मी वर्गात जाण्याच्या घाईत "काढून टाका, दिवाळीत नवीन बसवू" असे सांगितले. तीन आठवड्यांनी पहाटे गोठ्यातील दुभती म्हैस लोखंडी खांबाला टेकून पडलेली आढळली. गोठ्याच्या दिव्याची तार पत्र्यालगत उंदराने कुरतडली होती आणि पाऊस पडला की पत्रा व खांब यांत वीज उतरत होती. आई धारेची चरवी घेऊन दारापर्यंत गेली होती. म्हैस उठत नाही म्हणून तिने आत न जाता वडिलांना हाक मारली, एवढ्यावर निभावले. आरसीसीबी खराब नव्हता. तो तीन आठवडे आधीपासून तेच सांगत होता.

आरसीसीबी पडू लागल्यास तपासणी पुढीलप्रमाणे करावी. घरातील व गोठ्यातील सर्व उपकरणांचे प्लग उपसून ठेवावेत. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण बटण बंद असले तरी न्यूट्रलची जोडणी राहतेच, शिवाय पुष्कळ जुन्या बोर्डांत बटण चुकून न्यूट्रलवर बसविलेले असते. नंतर सर्व एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करावा. आता एकेक एमसीबी वर करीत जावे. ज्याच्या वेळी आरसीसीबी पडेल, गळती त्या भागात आहे. तो भाग खाली ठेवून बाकीचे घर वायरमन येईपर्यंत चालू ठेवता येते. सर्व एमसीबी वर होऊनही आरसीसीबी टिकला, तर एकेक प्लग जोडावा, म्हणजे दोषी उपकरण सापडेल. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत गिझरच्या कॉइलवर क्षार साचून ती चिरते, तेव्हा प्रथम गिझरवर संशय घ्यावा. कूलरचा पंप व पाण्यात सोडावयाचा हीटर यांचा क्रमांक त्यानंतर. सर्व एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी टिकत नसेल, तर दोष न्यूट्रलच्या बाजूस किंवा खुद्द आरसीसीबीत आहे. तेथे आपले काम संपले.

दोषी भाग सापडल्यावर पाऊस व बिघाड यांचा संबंध आहे का, हेही आठवून पाहावे. बाहेरच्या ओसरीचा होल्डर, ओल आलेल्या भिंतीतील बोर्ड, मुंग्यांनी किंवा पालीने घर केलेली जोडपेटी, ही पावसाळ्यातील नेहमीची ठिकाणे आहेत.

आरसीसीबी नसलेल्या घरांत गळतीचा थोडाफार अंदाज मीटरवरून येतो. इन्व्हर्टरसह सर्व काही बंद करून, प्लग उपसून पाच मिनिटे मीटरवरील लाल दिव्याकडे पाहावे. तो तरीही लुकलुकत असेल तर वीज कोठेतरी जाते आहे. लुकलुकला नाही म्हणून मात्र गळती नाहीच, असे समजू नये. अशा घरांनी आरसीसीबी बसवून घेणे आवश्यक आहे. महिन्यातून एकदा टी बटण दाबून पाहावे. बटण दाबल्यावर जो पडत नाही, तो असून नसल्यासारखाच.

एकच दिवा वा पंखा बंद असल्यास

येथे फारसे सांगण्यासारखे नाही. दिवा दुसऱ्या होल्डरमध्ये लावून पाहावा. दुसरे उपकरण त्याच प्लगमध्ये लावून पाहावे. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, आणि बंद करून काठीने पाते ढकलल्यावर चालू केला की फिरू लागतो, असे असेल तर बहुधा कपॅसिटर गेला आहे. प्लग किंवा बटण काळे पडले असेल, गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल तर आत जोड ढिला आहे. ते ठिकाण वापरणे त्याच दिवशी बंद करावे.

गोठ्याची वेगळी काळजी

जनावर ओल्या जमिनीवर उघड्या खुरांनी उभे असते व त्याच्या पुढच्या व मागच्या पायांत बरेच अंतर असते. जमिनीत गळती असेल तर त्या अंतरातील दाबाचा फरक त्याच्या छातीतून जातो. चप्पल घातलेल्या माणसाला जे जाणवत नाही, त्याने जनावर दगावू शकते. म्हणून जनावरांच्या वागण्याकडे लक्ष ठेवावे. तहान असूनही लोखंडी हौदाला तोंड लावण्यास जनावर कचरत असेल, ठरावीक जागीच सारखे पाय उचलत असेल, धारेच्या वेळी विनाकारण बिथरत असेल, तर पशुवैद्यकाबरोबरच वायरमनलाही बोलवावे.

जनावर विजेच्या खांबाला, खांबाच्या ताणाच्या तारेला किंवा अर्थिंगच्या खड्ड्याजवळ बांधू नये. गोठ्यातील तार पत्र्याला किंवा खांबाला गुंडाळून न नेता पाइपमधून न्यावी. कपडे वाळत घालण्यास लोखंडी तारेऐवजी नायलॉनची दोरी वापरावी. अर्थिंगचा पाइप साधारण अडीच मीटर खोल असतो व भोवती कोळसा व मीठ भरलेले असते. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग निकामी होते, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे. फळझाडाला पाणी देताना एक बादली तिकडे द्यावी, एवढेच.

केव्हा काहीच तपासू नये?

नळाला, भिंतीला किंवा फ्रीजला हात लावल्यावर मुंग्या आल्या, मीटरच्या पेटीत पाणी शिरले, तारेतून ठिणग्या किंवा धूर निघाला, तर शोध घेत बसू नये. मेन स्विचपर्यंत कोरड्या जागेवरून जाता येत असेल तर तो बंद करावा. जाता येत नसेल तर सर्वांना बाहेर काढून महावितरणला कळवावे. कोणास विजेने धरले असल्यास त्याला हात न लावता प्रथम मेन बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करावे. नंतर १०८ वर फोन करावा.

वायरमनला काय सांगावे?

"लाइट गेली" एवढाच निरोप पाठवू नये. बिघाड सर्व घराचा की कोणत्या भागाचा, एमसीबी पडला की आरसीसीबी, लगेच पडतो की काही वेळाने, कोणते प्लग उपसल्यावर टिकतो, पाऊस पडल्यावरच होते का, हे एका कागदावर लिहून फोनवर वाचून दाखवावे. त्यामुळे तो योग्य सामान घेऊन येतो व दुसरी खेप वाचते. तो आल्यावर अर्थिंग मोजून घ्यावयास सांगावे. कोणताही संरक्षक स्विच काढून तारा सरळ जोडण्याचा सल्ला मिळाल्यास तो मानू नये, मग कितीही घाई असो. काम झाल्यावर, पैसे देण्यापूर्वी, त्याच्यासमोरच आरसीसीबीचे टी बटण दाबून तो पडतो का, हे पाहून घ्यावे.